कशापासून मोजायचं?

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हौशी माणसं रायफलीचे सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांकडून मागवतात आणि घरच्या टेबलावर जोडतात. नळी एकाची, चाप दुसऱ्याचा, दस्ता तिसऱ्याचा. बहुतेक वेळा सगळं जुळतं. एखादी पिन भोकात शिरली नाही किंवा एखादा भाग बसूनही डुगडुगत राहिला, की माणूस वैतागतो आणि भाग परत पाठवतो. आपल्याकडे हे करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही अग्निशस्त्राच्या व्याख्येत येतात आणि परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे जोडणीची रीत या प्रकरणात शोधू नये. मला कुतूहल आहे ते त्या वैतागाचं. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या कामगारांनी, शेकडो मैलांच्या अंतरावर बनवलेले दोन लोखंडी तुकडे एकमेकांत बसलेच पाहिजेत, ही अपेक्षा आली कुठून? अडीचशे वर्षांपूर्वी जगातल्या कुठल्याही बंदूकवाल्याने ती हसण्यावारी नेली असती.

चकमकीच्या बंदुकीत नळी आणि दस्ता यांच्यापेक्षा अवघड काम होतं खटक्याचं. हाताच्या पंजाएवढ्या लोखंडी पट्टीवर घोडा, घोड्याच्या तोंडात चकमकीचा दगड, त्याच्यासमोर ठिणगी पाडणारं पोलादी झाकण आणि झाकणाखाली दारूची छोटी वाटी. पट्टीच्या आतल्या अंगाला कमानी, घोड्याच्या आसावर बसणारी चकती आणि चकतीच्या खाचेत अडकणारा अडसर. चकतीला खाचा दोन. पहिल्या खाचेत घोडा अर्धा चढतो, आणि तिथे असताना चाप ओढला तरी बंदूक उडता कामा नये. दुसरीत तो पूर्ण चढतो. अडसराचं टोक जरासं आखूड झालं किंवा त्याचा कोन चुकला, तर ते पहिल्या खाचेत नीट धरत नाही आणि भरलेली बंदूक सैनिकाच्या खांद्यावरच उडते. टोक फार खोल रुतलं तर चाप ओढता ओढला जात नाही. वाटीवरचं झाकण घट्ट मिटलं नाही तर दारू वाऱ्याने उडते नाहीतर पावसाने भिजते. वाटी नळीला बाजूने पाडलेल्या छिद्रासमोर आली नाही, तर वाटीत भडका होतो आणि नळीतली दारू तशीच राहते.

हे सगळं कारागीर कानशीने जमवत असे. एका भागाला तो दिव्याची काजळी लावी, दुसऱ्या भागावर तो टेकवी आणि उचलून पाही. काजळी जिथे उमटली असेल तिथे उंचवटा, म्हणून तेवढ्याच जागी कानस फिरवायची. पुन्हा काजळी, पुन्हा टेकवणं, पुन्हा कानस. आजही आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये मुलांना पहिले काही महिने हेच करावं लागतं. चौकोनी मेल तुकडा फिमेल खाचेत बसवायचा, काजळीच्या जागी निळा मार्किंग रंग लावायचा आणि शेवटी जोडी खिडकीपुढे धरून फटीतून उजेड दिसतो का ते पाहायचं. ज्याने एकदा तरी असा जॉब घासून पूर्ण केला आहे त्याला एक गोष्ट लगेच कळते. आपला मेल शेजाऱ्याच्या फिमेलमध्ये जात नाही. दोघांचे जॉब पास झालेले असतात, दोघांच्या फटीतून उजेड येत नाही, तरीही जात नाही. दोघांनी आपापली जोडी जुळवलेली असते आणि त्या दोन जोड्यांचा परस्परांशी काही संबंध नसतो.

बंदूकवाल्याच्या पुढ्यात आणखी एक पेच होता. हे भाग मऊ लोखंडाचे. घासून बसवले की ते जळक्या चामड्याच्या आणि हाडांच्या कोळशाबरोबर बंद पेटीत घालून तापवायचे आणि पाण्यात विझवायचे, म्हणजे वरचा थर पोलादासारखा कडक होतो. पण तापवून विझवलेला तुकडा थोडासा वाकतो, थोडासा फुगतो. मऊ असताना छान बसलेली चकती कडक झाल्यावर अडायला लागते, आणि आता कानसही चालत नाही. म्हणून जुने कारागीर एकाच खटक्याच्या सगळ्या भागांवर सारखी खूण करत, कानशीच्या दोन खाचा, तीन खाचा, कधी रोमन आकडा. पेटीतून बाहेर आल्यावर आपले आपले भाग ओळखून पुन्हा एकत्र आणायचे आणि शेवटचा हात मारायचा. या खुणा पुढे इतिहासकारांच्या फार उपयोगी पडल्या.

रणांगणावर याचा हिशेब वाईट लागे. एका बंदुकीची कमान तुटली आणि दुसरीची नळी फुटली, तर दोहोंतून एक चालती बंदूक करायला लोहारच लागे. फ्रान्समध्ये ग्रिबोव्हाल नावाच्या सेनाधिकाऱ्याने १७६५ पासून तोफांच्या गाड्यांमध्ये एकसारखेपणा आणायला सुरुवात केली होती. बंदुकीच्या बाबतीत तोच ध्यास ओनोरे ब्लां या कारागिराने घेतला. १७८५ मध्ये अमेरिकेचा पॅरिसमधला वकील थॉमस जेफरसन त्याच्या कारखान्यात गेला. ब्लांने त्याच्यापुढे पन्नास खटक्यांचे सुटे भाग ठेवले. जेफरसनने हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही खटके जोडले आणि ते बिनचूक जुळले. ३० ऑगस्टला त्याने परराष्ट्र खातं सांभाळणाऱ्या जॉन जे यांना पत्र लिहून हे कळवलं. त्याच पत्रात त्याने प्रामाणिकपणे हेही नोंदवलं की अजून फक्त खटकाच झाला आहे, नळी आणि दस्ता बाकी आहेत. ब्लांचे कामगारही कानसच चालवत होते. फरक एवढाच की तुकडा एका कडक पोलादी साच्यात अडकवलेला असे आणि साच्याच्या कडेपर्यंतच कानस जाई. ब्लां १८०१ मध्ये वारला आणि त्याच्या पद्धतीला फ्रान्समध्ये पुढे वारस मिळाला नाही.

शाळेच्या पुस्तकांतून पुढचं श्रेय हमखास इलाय व्हिटनीला दिलं जातं, कापसाची सरकी काढणाऱ्या यंत्राच्या त्याच व्हिटनीला. १७९८ मध्ये त्याने अमेरिकी सरकारला दहा हजार बंदुका द्यायचा करार केला. मुदत सव्वादोन वर्षांच्या आसपास होती, शेवटची बंदूक १८०९ मध्ये पोचली. मधल्या काळात, जानेवारी १८०१ मध्ये, त्याने वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स आणि उपाध्यक्ष जेफरसन यांच्यापुढे खटक्यांची अदलाबदल करून दाखवली, आणि त्या दिवसाची कीर्ती त्याला दीडशे वर्षं पुरली. १९६० मध्ये रॉबर्ट वुडबरी या इतिहासकाराने ही कीर्ती तपासायला घेतली. व्हिटनीच्या शिल्लक बंदुका उघडून पाहिल्यावर त्यांचे भाग एकमेकांत बसेनात. त्यावर प्रत्येक बंदुकीच्या वेगळ्या खुणा होत्या. सगळे भाग सारखे असते तर खुणा करायची गरजच पडली नसती. मला इथे व्हिटनीला लबाड ठरवायचं नाही. त्याने एक खरी गरज ओळखली होती आणि सरकारला ती पटवून दिली होती. पण निवडून आणलेले दहा खटके एका बंदुकीवर बसवून दाखवणं आणि दहा हजारांतला कुठलाही खटका कुठल्याही बंदुकीवर बसणं यांत जे अंतर आहे, ते त्याच्या हातून कापलं गेलं नाही.

ते अंतर कापायला सुरुवात केली कनेक्टिकटमधल्या सिमियन नॉर्थने. त्याचं नाव व्हिटनीच्या मानाने फार कमी घेतलं जातं. १८१३ मध्ये त्याने सरकारशी वीस हजार पिस्तुलांचा करार केला. त्यात अट लिहिलेली होती की कुठल्याही पिस्तुलाचा कुठलाही भाग वीस हजारांपैकी कुठल्याही दुसऱ्या पिस्तुलाला बसला पाहिजे. अशी अट घातलेला अमेरिकेतला हा पहिला सरकारी करार मानला जातो.

आणि मग जॉन हॉल. पोर्टलंड, मेन इथला हा माणूस. त्याने १८११ मध्ये मागून भरायच्या रायफलीचं पेटंट घेतलं. त्याची रायफल तोंडातून ठासायची नव्हती. नळीचा मागचा भाग वर उचलायचा, त्यात दारू आणि गोळी भरायची आणि तो पुन्हा खाली बसवायचा. या रचनेत एक सांधा जन्मतःच नाजूक होता. उचलता येणारा तुकडा आणि नळी यांच्यामध्ये फट राहिली तर स्फोटाचा वायू तिथून सैनिकाच्या तोंडाकडे येणार. शिवाय हा सांधा झिजतो, म्हणजे बदली तुकडा लागणार, आणि तो बसवायला प्रत्येक वेळी कारागीर मिळणार नाही. भाग बदलता आले नाहीत तर आपली रायफल सैन्याच्या कामाची नाही, हे हॉलला सुरुवातीपासून उमगलं होतं. १८१९ मध्ये त्याला एक हजार रायफलींचा करार मिळाला आणि पोटोमॅक आणि शेनान्डोआ या नद्यांच्या संगमावरच्या हार्पर्स फेरी इथल्या सरकारी शस्त्रागाराशेजारी एक जुनी इमारत मिळाली. पाच वर्षं तो यंत्रंच बनवत राहिला. लोखंड ठोकायचे घण, कातरायची यंत्रं, घासायची यंत्रं. वॉशिंग्टनमधल्या लोकप्रतिनिधींचा धीर सुटत चालला होता.

हॉलच्या यंत्रांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्याहून मोठी वाटते ती त्याची मोजायची पद्धत. एका तुकड्याला चार भोकं पाडायची आहेत असं धरा. पहिलं भोक कडेपासून मोजलं, दुसरं पहिल्यापासून, तिसरं दुसऱ्यापासून, चौथं तिसऱ्यापासून. प्रत्येक वेळी मिलिमीटरचा दहावा हिस्सा चुकला, तर चौथं भोक जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने भलतीकडे जातं, आणि गंमत म्हणजे एकेक माप तपासलं तर सगळी बरोबर निघतात. शेतात खुंट्या ठोकताना प्रत्येक खुंटी मागच्या खुंटीपासून काठीने मोजली तर शेवटची कुठे जाईल याचा नेम नसतो, म्हणून जाणता शेतकरी दोर बांधावरच्या पहिल्या खुंटीला बांधून सोडत नेतो. हॉलने लोखंडात तेच केलं. प्रत्येक भागावर त्याने एक आधाराची जागा नेमून दिली. त्या भागावरची प्रत्येक कापणी, प्रत्येक भोक, प्रत्येक खाच यंत्रात धरताना त्या एकाच जागेवर टेकवून करायची, आणि तपासतानाही त्याच जागेपासून तपासायची. त्यामुळे एका मापातली चूक पुढच्या मापात जात नाही.

दुसरी गोष्ट त्याची मापं, म्हणजे आज वर्कशॉपमध्ये ज्यांना गेज म्हणतात ती. एका रायफलीसाठी हॉलने साठाहून जास्त गेज केले. त्यांचे संचही एकाहून जास्त. एक कामगाराच्या हातात, एक तपासनिसाकडे आणि एक मूळ संच, जो फक्त बाकीचे संच झिजले की नाही हे पाहण्यासाठी बाहेर काढायचा. हा तिसरा संच माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वात दूरदर्शी विचार आहे. कामगाराचा गेज रोज शेकडो वेळा लोखंडावर घासतो, म्हणजे तोही झिजतो. गेज झिजला की त्याच्याबरोबर सगळा माल हळूहळू सरकतो, आणि कोणालाच कळत नाही, कारण माल गेजशी जुळतच असतो. झिजलेल्या गेजवर पास झालेला भाग दोन वर्षांपूर्वीच्या बंदुकीत मात्र अडतो.

खर्च फार झाला म्हणून १८२६ मध्ये चौकशी लागली. तीन अनुभवी तपासनीस हार्पर्स फेरीला आले. त्यांनी १८२४ मध्ये बनलेल्या शंभर रायफली मागवल्या आणि सगळ्यांचे दस्ते उतरवले. मग ते जुने लोखंडी भाग आपापसात मिसळून त्यांनी नव्या दस्त्यांवर बसवायला लावले. सगळे बसले. आपण आजवर पाहिलेल्या कुठल्याही शस्त्रात असा सारखेपणा दिसला नव्हता, असा त्यांचा अहवाल होता. १८३४ पर्यंत त्याहून कठीण गोष्टही साधली. सिमियन नॉर्थ कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनमध्ये हॉलच्याच नमुन्याच्या रायफली बनवत होता, आणि त्याचे भाग शेकडो मैल दूर हार्पर्स फेरीच्या रायफलींना बसू लागले. दोन वेगळे कारखाने, वेगळे कामगार, वेगळी यंत्रं. दोन्हीकडे समान होते ते फक्त गेज. सुरुवातीला म्हटलेल्या घरच्या टेबलाची मुळं इथवर पोचतात, असं मला वाटतं.

हे सगळं सुखासुखी झालं नाही. हार्पर्स फेरीच्या जुन्या कारागिरांना हॉलची रीत पसंत नव्हती. यंत्र आणि गेज हातात दिले की पोरसवदा कामगारही भाग काढू शकतो, हे हॉल अभिमानाने सांगे, आणि कानशीवर हात बसवण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या कानाला ते कसं लागत असेल याची कल्पना करता येते. त्याच शस्त्रागारात शिस्त आणू पाहणारा अधीक्षक टॉमस डन याला जानेवारी १८३० मध्ये कामावरून काढलेल्या एका कारागिराने त्याच्या कचेरीत गोळी घालून ठार केलं. हॉलची रायफलही शेवटी फार टिकली नाही. सांध्यातून वायू गळायचा तो गळतच राहिला. भाग एकमेकांना तंतोतंत बसणं आणि मूळ रचना निर्दोष असणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. हॉलने पहिली साधली, दुसरी त्याला साधली नाही.

१८४२ च्या नमुन्याच्या बंदुकीपासून स्प्रिंगफिल्ड आणि हार्पर्स फेरी या दोन्ही सरकारी कारखान्यांचा माल अदलाबदल करण्याजोगा होऊ लागला. इंग्लंडला याचा सुगावा लागला १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात. तिथे व्हरमाँटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स कंपनीने भाग बदलता येतील अशा सहा रायफली मांडल्या होत्या. तेव्हा ब्रिटिश बंदूक बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांमधून बने. एकेक भाग वेगळ्या घराण्याच्या धंद्यात तयार होई आणि शेवटी कानसवाला सगळं जुळवी. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारची समिती अमेरिकेला गेली. स्प्रिंगफिल्डला तिने काळजीपूर्वक दहा बंदुका निवडल्या, १८४४ पासून १८५३ पर्यंत प्रत्येक वर्षाची एक. दहाही पूर्ण उघडल्या, भाग पेट्यांमध्ये मिसळले आणि जोडणीच्या कामगाराला सांगितलं की आता बांध. त्याने फक्त स्क्रू ड्रायव्हर वापरून दहाच्या दहा बांधल्या. कानस त्याच्या हाताला लागली नाही.

समितीने यंत्रं विकत घेतली आणि हार्पर्स फेरीला काम केलेल्या जेम्स बर्टनला एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात आणलं. ज्या रायफलीसाठी ही यंत्रं मांडली जात होती ती १८५३ चा नमुना, म्हणजे चरबी लावलेल्या काडतुसांमुळे १८५७ च्या उठावाशी जिचं नाव कायमचं जोडलं गेलं ती एन्फिल्ड. १८५७ च्या सुरुवातीला डमडम, अंबाला आणि सियालकोटच्या केंद्रांत शिपायांना ती शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा एन्फिल्डच्या नव्या यंत्रांचं काम नुकतंच मार्गी लागत होतं. आधीच्या बंदुका बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कारागिरांनी हाताने बसवलेल्या.

बंदुकीच्या कारखान्यात शिकलेली माणसं पुढे शिवणयंत्रं, सायकली आणि मोटारींच्या कारखान्यांत गेली. हेन्री लेलँड तरुणपणी स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारात काम करत होता, पुढे त्याने कॅडिलॅक मोटारी काढल्या. १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्सच्या मैदानावर त्याच्या तीन मोटारी पूर्ण उघडून भाग मिसळले गेले, पुन्हा तीन मोटारी बांधल्या गेल्या आणि त्या पाचशे मैल पळवल्या गेल्या. परीक्षा तीच, वस्तू फक्त वेगळी.

गेज कशाशी ताडून पाहायचा, हा प्रश्न मात्र अजून उरला होता. हॉलकडे मूळ संच होता. पण हॉलचा मूळ संच नॉर्थकडे नेऊन त्यावरून नॉर्थचा करावा लागे. प्रत्येक नव्या बंदुकीला गेजचा नवा संच, प्रत्येक संचाला ताडून पाहायला आणखी ठोकळे. स्वीडनमधल्या एस्किलस्तूनाच्या रायफल कारखान्यात कार्ल एडवर्ड योहान्सन हा तपासनीस होता. १८९० च्या दशकात स्वीडनने जर्मनीच्या माउझर रायफलीचा नमुना घेतला, आणि योहान्सन ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात पाहणीला गेला. तिथे एकेका मापासाठी वेगळा ठोकळा होता, आणि असे ठोकळे ढिगाने. हेच सगळं आता एस्किलस्तूनाला करावं लागणार, या विचाराने परतीच्या रेल्वेत तो आकडेमोड करत बसला. निवडक मापांचे थोडे ठोकळे केले आणि ते एकमेकांवर चढवून हवं ते माप तयार केलं तर? १०२ ठोकळ्यांमधून मिलिमीटरच्या शतांशाच्या पायरीने सुमारे वीस हजार मापं काढता येतात, असा हिशेब निघाला.

अडचण अशी की ठोकळे एकमेकांवर चढवले की प्रत्येकाची चूक बेरजेत येणार. हॉलने टाळलेला तोच धोका योहान्सनने मुद्दाम ओढवून घेतला होता. म्हणून प्रत्येक ठोकळा इतका अचूक हवा की दोन-चारांची बेरीजही कामाच्या मर्यादेत राहील. कारखान्यात एवढं बारीक घासायची सोय नव्हती. योहान्सनने घरी बायकोचं शिवणयंत्र घेतलं, त्याचं घासायचं यंत्र केलं आणि त्यावर ठोकळ्यांना शेवटची झिलई दिली. त्याचे ठोकळे इतके सपाट होत की एक दुसऱ्यावर दाबून सरकवला की चिकटतो आणि वरचा उचलला तर खालचाही उचलला जातो. घरच्या घरी रायफलीचे भाग नीट बसवण्यासाठी कोणी काही केलं असेल, तर माझ्या मते हेच सर्वात मोठं काम. १९२३ मध्ये फोर्डने योहान्सनला अमेरिकेत बोलावून घेतलं.

भोसरी किंवा चाकणच्या कुठल्याही चांगल्या कारखान्याच्या तपासणी खोलीत लाकडी पेटीत हे ठोकळे दिसतात. तिथे त्यांना स्लिप गेज म्हणतात. ते उघड्या हाताने धरायचे नसतात, कारण बोटांच्या उबेनेही ते वाढतात. योहान्सनने ठोकळ्यांचं माप २० अंश सेल्सिअसला धरलं होतं आणि १९३१ मध्ये तेच तापमान आंतरराष्ट्रीय ठरलं. शंभर मिलिमीटरचा पोलादी ठोकळा २० अंशांवरून पुण्याच्या एप्रिलमधल्या ३८ अंशांवर नेला तर सुमारे ०.०२ मिलिमीटरने लांबतो. शेजारच्या शॉपमध्ये पत्रे तापलेले असताना ही खोली वर्षभर २० अंशांवर ठेवतात ती याचसाठी.

एवढं सगळं झाल्यावरही रायफलीत एक जागा अशी राहिली जिथे कोणताही भाग कुठेही चालत नाही. आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर दशकानुदशकं दिसलेली थ्री नॉट थ्री घ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती हीच होती. ली-एन्फिल्ड घराण्यातली ही रायफल ब्रिटनमध्ये बनली आणि बंगालमध्ये ईशापूरलाही बनली. तिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. काडतूस नळीत घातलं की ही कड नळीच्या मागच्या तोंडावर टेकते आणि मागून बोल्टचं, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचं, डोकं येऊन तिला अडवतं. नळीचं तोंड आणि बोल्टचं डोकं यांच्यातलं अंतर कडेच्या जाडीपेक्षा कमी पडलं तर बोल्ट मिटणारच नाही. फार जास्त झालं तर उडवताना पितळी कवच मागे ताणलं जाऊन फाटू शकतं आणि गरम वायू माणसाच्या डोळ्यांपाशी बाहेर येतो. सुमारे १.६ मिलिमीटर ही एक सीमा, आणि तिच्यावर जेमतेम पाव मिलिमीटर मोकळीक.

एवढ्याशा जागेत किती जणांच्या चुका येऊन मिळतात ते पाहावं. नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यात, किती आत गेली, रिसीव्हरमधले टेकू कुठे आहेत, बोल्टवरचे कान किती झिजले, बोल्ट स्वतः किती लांब. प्रत्येक भाग आपापल्या गेजवर पास झालेला असतो आणि तरीही सगळ्यांची बेरीज कधी एका टोकाला, कधी दुसऱ्या टोकाला जाते. म्हणून चौथ्या क्रमांकाच्या नमुन्यात बोल्टचं डोकं सुटं ठेवलं आणि ते चार लांबींमध्ये बनवलं, ० पासून ३ पर्यंत आकडे छापून. एकातून दुसऱ्यात फरक मिलिमीटरच्या शतांशांचा. आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारा कारागीर, आत 'गो' गेज ठेवून बोल्ट मिटतो का पाहतो, मग 'नो-गो' गेज ठेवून तो मिटत नाही ना हे पाहतो. नको तिथे मिटला तर पुढच्या आकड्याचं डोकं लावायचं. ३ लावूनही जमलं नाही तर त्या बोल्टचं किंवा रायफलीचं आयुष्य संपलेलं असतं. आधीच्या, आपल्याकडे जास्त चाललेल्या नमुन्यात डोक्यांवर आकडे नसत. वेगवेगळ्या लांबीची डोकी लावून पाहावी लागत. बोल्टचे दोन कान तर रंग लावून, टेकवून, घासूनच रिसीव्हरमध्ये बसवले जात, दोन्हींवर सारखा भार यावा म्हणून. म्हणूनच बोल्टवर आणि रिसीव्हरवर एकच क्रमांक कोरलेला असतो आणि शस्त्रागारात साफसफाईच्या वेळी दोन रायफलींचे बोल्ट अदलाबदल होऊ देत नाहीत.

१९६० च्या दशकात ईशापूरच्या कारखान्याने याच घाटाची रायफल ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसासाठी काढली. तिला २ए आणि नंतर २ए१ म्हणतात. दुरून पाहणाऱ्याला ती थ्री नॉट थ्रीच वाटते. पण या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड नाही. ते नळीच्या आत टेकतं ते पुढच्या बाजूच्या आपल्या उतरत्या खांद्यावर, आणि अंतर तिथपासून मोजावं लागतं. थ्री नॉट थ्रीचे गेज या रायफलीत घातले तर त्यांतून काहीच कळत नाही. जिथे दोन्ही रायफली आहेत तिथे गेजचे दोन स्वतंत्र संच ठेवावे लागतात.